आधी सह्या, मग चहा

आमच्या बिल्डिंगचं नाव मी इथे लिहीत नाही. एक तर ती अजून उभी आहे, दुसरं म्हणजे मी अजून तिच्यातच राहते, आणि तिसरं असं की आतली माणसं पहिल्याइतकीच भांडकुदळ आहेत. फरक एवढाच की पूर्वी जिन्यात भांडायचे, आता मोबाइलवरच्या ग्रुपात भांडतात आणि सकाळी उठून एकमेकांना फुलांची चित्रं पाठवतात. मला लोक म्हणतात, "मॅडम, तुमी लय तुसडं बोलता." बोलते. सेलूला पोरींच्या शाळेत जन्मभर शिकवलं, रोज जाऊन येऊन केलं, तिथं कुणाला मी तुसडी वाटले नाही. या जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की माझं तोंड आपोआप वाकडं होतं. का होतं, ते एकदा लिहून टाकावं म्हणते. आता ते दुखावतील ही भीती उरलेली नाही, कारण ज्यांनी केलं ते बहुतेक सगळे गेले, आणि जे उरलेत त्यांना वाचनाची सवय नाही.

परभणीत स्टेशनकडून आत येणाऱ्या रस्त्याला लागून आमची गल्ली. कुणाच्या घरी काय शिजलं ते चौथ्या घराला माहीत असणारी. त्या गल्लीत पहिल्यांदा तीन मजली इमारत उठली ती आमची. सहकारी गृहनिर्माण संस्था, आठ बिऱ्हाडं. कागदावर बघाल तर ती बायकांची सोसायटी होती. पुरुष सगळे सरकारी नोकर नाहीतर मास्तर. कुणाच्या नावावर गावी घर, कुणाच्या नावावर आधीच धरून ठेवलेला प्लॉट. नियमात अडकायला नको म्हणून आठही फ्लॅट बायकांच्या नावावर घेतलेले. तळमजल्यावरचा जिन्याला लागून असलेला एक नंबर आमचा, म्हणजे सौ. कमल यांचा, म्हणजे माझ्या आईचा. पण आठ सभासदांपैकी एकीनंही सोसायटीची मीटिंग कधी डोळ्यांनी बघितली नव्हती. मीटिंगला नवरे जायचे. रविवारी सकाळी गच्चीवर सतरंजी पडायची, आणि माझे वडील, नाना, सोसायटीचे सेक्रेटरी, काखेत जाडजूड रजिस्टर मारून वर निघायचे. नाना कचेरीत कारकून होते आणि त्यांचं अक्षर सगळ्या कचेरीत नावाजलेलं होतं. लोक चहा झाला की उठून चालू लागतात आणि मग सह्यांसाठी आठ दारं फिरावी लागतात, म्हणून नानांनीच रीत पाडली होती: आधी सह्या, मग चहा, मग चर्चा. पानाच्या तळाशी आठ सह्या घ्यायच्या, वरची जागा कोरी सोडायची, आणि दुपारी जेवण झाल्यावर घरी बसून निवांत वर ठराव लिहायचा, सर्वानुमते मंजूर. सह्या अर्थातच बायकांच्या, आणि करणारे त्यांचे नवरे. मी चहाचे कप गोळा करायला वर जायची तेव्हा हे सगळं बघितलेलं आहे. आठ बाप्ये एकामागून एक वाकून 'सौ. सुशीला', 'सौ. विमल' असं लिहायलेत, आणि कुणाला हसूसुद्धा येत नाही. मलाही त्यात तेव्हा काही वावगं दिसलं नव्हतं.

आमच्या घराचा आवाज म्हणजे गिरणीचा आवाज. माझ्या मामानं पालमला मोठी गिरणी टाकली तेव्हा त्याची जुनी, लहान गिरणी त्यानं बहिणीला दिली. मागच्या बंद केलेल्या गॅलरीत ती बसवली. पट्टा आधी नुसता फटफट करायचा, मग दगडानं दगड धरला की जमीन घुमायला लागायची, आणि कापडाच्या नळीतून गरम पीठ डब्यात उतरायला लागलं की आवाज एकदम मऊ व्हायचा. त्या मऊ आवाजावरून आई दुसऱ्या खोलीतून सांगायची, ज्वारी हाय का गहू. पिठाला बोटांच्या चिमटीत धरून बघणं, दगड बोथट झाला की छिन्नी-हातोडी घेऊन स्वतः टाकी लावणं, पट्टा उतरला की पदर खोचून चढवणं, हे सगळं ती एकटी करायची. स्वयंपाकघरातली आई निमूट होती. नाना म्हणतील ती भाजी, नाना म्हणतील तेव्हा जेवण. गॅलरीतली आई वेगळीच बाई होती. तिथं ती जोरात बोलायची, हसायची, बायकांना दटावायची. गल्लीत आमच्या दाराला कुणी नानांचं घर म्हणत नव्हतं, कमलबाईची गिरणी म्हणत होतं. माझ्या आईच्या आख्ख्या आयुष्यात तिच्या नावानं ओळखली जाणारी ती एकच गोष्ट होती, हे मी आधीच सांगून ठेवते.

आणि दळण म्हणजे आमच्याकडं काय असतं ते भाकरी थापणारीलाच कळेल. ज्वारीचं पीठ आठ दिवसांचं झालं की थापताना कडा चिरतात, तव्यावर टाकेपर्यंत भाकरीचे दोन तुकडे. म्हणून दर तीन-चार दिवसांनी दळण. दुपारी तीनपासून आमच्या मागच्या दाराशी डब्यांची रांग लागायची. शेवंताबाई नावाची भाजीवाली, मागच्या वस्तीतल्या मोलकरणी, शाळेतून परस्पर आलेल्या पोरी, सगळ्यांचे डबे एका ओळीत. दिवाळीच्या आधी भाजणी यायची, उन्हाळ्याच्या तोंडावर येसर यायचा. भाजलेले धने, बाजरी, डाळी आणि मसाला असा दळला की त्याचा वास थेट गच्चीपर्यंत जायचा. तशा दिवशी आई आमटीला ताजा येसर लावायची आणि वर कच्चं करडईचं तेल सोडायची. नाना ताटावर बसल्याबसल्या म्हणायचे, "आज वाटते कुणी मोठं दळण घेऊन आल्तं." एवढंच कौतुक. आई तेवढ्यावरही खूश व्हायची, याचा मला आज राग येतो.

आमच्या बरोब्बर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, जिंतूरकर सर राहायचे. एका शाळेचे हेडमास्तर आणि सोसायटीचे चेअरमन. उंच, गोरे, कधी आवाज न चढवणारे. मला आवाज चढवणाऱ्या माणसांची कधीच भीती वाटली नाही, ती या माणसानं लावली. खरं सांगायचं तर गिरणीचा त्यांना त्रास होता. फडताळातली भांडी किणकिणायची, सरांचा पाण्याचा तांब्या टेबलावरून आपोआप सरकायचा. हे मी कबूल करते. पण चार वर्षं तो त्रास त्यांनी सोसला, कारण तोपर्यंत जिंतूरकर काकूंचा डबा रांगेत आला की बायका आपणहून बाजूला व्हायच्या. भांडण गिरणीच्या आवाजावरून झालंच नाही. ते झालं नंबरावरून.

त्या दिवशी काकू खाली आल्या त्या घाईत. "कमलबाई, आमचं आधी टाका. पाहुणे येऊन बसलेत."

पुढं शेवंताबाई उभी होती, पाठीवर आख्खा दिवसाचा बाजार घेऊन. ती लगेच डबा मागं ओढायला लागली, "टाका माय तुमचंच."

"राहू दे तिथं," आई म्हणाली. "नंबर म्हंजे नंबर. शेवंताबाईचं झालं की काकू तुमचंच हाय. हे बघा, धा मिनिटं."

"हिच्या मागं उभी राहू मी?"

"मागं कशाला, खुर्ची देते की. बसा."

आईनं खरंच खुर्ची आणली. टोमणा म्हणून नाही, ती तशीच होती. काकूंनी खुर्चीकडं बघितलं, शेवंताबाईकडं बघितलं, न दळलेला डबा उचलला आणि जिना चढून गेल्या. शेवंताबाई म्हणाली, "बाई, तुमी माझ्यापायी वाईट झाल्या." आई म्हणाली, "होऊ दे की. काय खायलेत काय मला?"

खायलाच लागले. दुसऱ्या दिवसापासून गिरणी सुरू झाली की वरून बत्त्यानं फरशी ठोकणं सुरू. फरशी पुसलेलं पाणी नेमकं आमच्या मागच्या दारावर, नेमकं डबे मांडले की. नळाला पाणी यायचं ते तसंही चार-पाच दिवसांआड, त्या दिवशी टाकीचा आमच्याकडचा कॉक कुणीतरी बंद केलेला. जिन्यात आम्ही दिसलो की बोलणं थांबायचं. माझ्याबरोबर शाळेत येणारी दुसऱ्या मजल्यावरची मैत्रीण एक दिवस म्हणाली, "आई म्हणती गिरणीवालीच्या पोरीसंगं नको जाऊ." तिच्या आईनं आदल्या आठवड्यात आमच्याकडून भाजणी दळून नेली होती. कंपाऊंडमध्ये कोण कोण बाया येतात, चपला कुठं काढतात, सोसायटी म्हणजे काय दळणाचा अड्डा आहे का, अशी कुजबूज. सगळे नाकानं कांदे सोलणारे. घरात मात्र सगळ्यांच्या कोठीला ज्वारीच, आणि दळून आणायची आमच्याकडूनच, मोलकरणीच्या हातून, म्हणजे दळायला आपण गेलो नाही असं म्हणता येतं. नानांना आई सांगायची, तर नाना म्हणायचे, "जरा सबुरीनं घे. सोसायटीत राहायचं म्हणलं की सगळ्यांना धरून राहावं लागते." नाना कुणालाच दुखवत नव्हते. अशा माणसांच्या घरच्यांना त्याची काय किंमत पडते, ते घरच्यांनाच माहीत.

मग रविवारची मीटिंग आली. नेहमीसारखी सतरंजी, नेहमीसारख्या आधी सह्या, मग चहा आणि चिवडा. नळाच्या पाइपावर थोडं बोलणं झालं आणि लोक उठले. नाना रजिस्टर काखेत घ्यायला लागले तर सर म्हणाले, "आज असू द्या माझ्याकडे. मागचे ठराव एकदा नजरेखालून घालतो. उद्या पाठवतो." हेडमास्तर माणूस, मागतोय तर नाही कसं म्हणायचं? नानांनी खालच्या बाजूला आठ सह्या असलेलं, वरून कोरं पान त्यांच्या हातात दिलं आणि खाली येऊन जेवायला बसले.

चार दिवसांनी दाराच्या फटीतून एक झेरॉक्स आत आली. आई गॅलरीत होती. मी तिला वाचून दाखवायला लागले तर म्हणाली, "दे इकडं, मला येतं." आई चौथी शिकलेली होती, बोट ठेवून सावकाश वाचायची. पिठाचं बोट ओळीवरून सरकत होतं आणि कागदावर पांढरी वाट उमटत होती. तळमजल्यावरील गिरणीमुळे इमारतीस धोका पोचत असल्याने ती एक महिन्याच्या आत हलवावी असे सर्वानुमते ठरले. सदर सभासद सौ. कमल यांनी यास स्वखुशीने संमती दिली आहे. मग खाली आठ सह्या. बोट पाचव्या सहीवर थांबलं.

नाना कचेरीतून आले तेव्हा तिनं चहासुद्धा ठेवला नव्हता. "ही सही कुणाची?"

नानांनी कागद वाचला. वाचता वाचता त्यांचं तोंड पडलं. "ठराव त्यांनी लिहिला. मीटिंगमध्ये असं काही झालंच नाही, कमल. शपथ."

"ठरावाचं न्हाई इचारायली. सही कुणाची?"

"तुझी."

"म्या कवा केली?"

"तू म्हणजे... मी करतो. सगळेच करतात. आता प्रत्येक वेळी बायकांना कुठं गच्चीवर चढवायचं?"

"किती वर्सं?"

नानांनी कागदाची घडी घालायला घेतली.

"मला इचारलं कामून न्हाई?"

"त्यात विचारायचं काय? घरचीच सही."

आई त्यांच्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता ओरडेल, पण तिनं मला हाक मारली. "सुमे, कागद-पेन घे. लिव्ह." आणि गिरणीच्या पट्ट्यावर हात ठेवून तिनं उभ्याउभ्या अर्ज सांगितला, सहकार खात्याच्या साहेबाला. मी असली कोणतीही संमती दिलेली नाही, माझी गिरणी मला न विचारता बंद करायला लागलेत, चौकशी व्हावी. नाना मधेच म्हणाले, "अगं, नको, मी सरांशी बोलतो," पण तिनं ऐकलं नाही. शेवटी मी म्हटलं, सही कर. तिचे हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. म्हणाली, "तूच घाल माझं नाव खाली." मी घातलं. माझं अक्षर हुबेहूब नानांसारखं होतं, मला त्याचा लय गर्व होता. त्या अर्जाखाली आईचं नाव मी नानांच्या वळणात लिहिलं आणि लिहिताना मला काहीच वाटलं नाही. घरातली दुसरी व्यक्ती तिच्या नावानं सही करत होती, आणि ती मी होते.

कचेरीतून पत्र आलं: अमुक दिवशी अधिकारी येतील, सर्व सभासदांनी समक्ष हजर राहावे, जबाब व नमुना सह्या घेतल्या जातील. ते पत्र सगळ्या दारांत गेलं आणि बिल्डिंग एकाएकी शांत झाली. बत्ता थांबला, वरून पडणारं फरशीचं पाणी थांबलं. त्याच संध्याकाळी जिंतूरकर सर स्वतः खाली आले. पहिल्यांदाच. खुर्चीवर बसले, आईनं दिलेला चहा घेतला, बशी परत जागेवर ठेवली आणि मग बोलले.

"कमलबाई, साहेब तुम्हाला विचारणार, ही सही तुमची का. तुम्ही नाही म्हणालात की पुढचा प्रश्न येतो, मग केली कुणी. नानासाहेब सरकारी नोकर आहेत. खोटी सही म्हणजे नोकरी जाते, वर काय होतं ते त्यांनाच विचारा."

"वरचं तुमी लिवलं," आई म्हणाली.

"मी लिहिलं. पण वरच्या मजकुराला सही लागत नाही. खालचीच बघतात."

"तुमच्या बायकोची सही बी तुमीच केली न्हवं का?"

"केली की. पण ती कुठं तक्रार करते?" सर उठले. दारात वळून अगदी सहज म्हणाले, "अर्ज मागे घेतला तरी माणूस येणारच आता. तेव्हा सही तुमचीच आहे एवढं सांगायचं, आणि तशी करून दाखवायची. बाकी मी बघून घेतो."

ते गेल्यावर नाना भिंतीकडं तोंड करून बसले. मग म्हणाले, "मी साहेबाला खरं सांगून टाकतो." पण ते असं म्हणाले की ऐकणाऱ्यानं नको म्हणावं. आईला ते कळलं, मलासुद्धा कळलं. ती उठून गॅलरीत गेली आणि तिनं गिरणी सुरू केली. वर दाणे नाहीत, नुसती रिकामी. दगडावर दगड असा कर्कश ओरडायला लागला की माझे दात शिरशिरले. आख्खी बिल्डिंग हादरत होती, आणि वरून कुणीही फरशी ठोकली नाही. मग तिनं बटण बंद केलं, बाहेर आली आणि म्हणाली, "तुमच्या हातून म्या शिकायची न्हाई. सुमे, तू बस."

पाच दिवस मी आईला तिची सही शिकवली. शाळेतून आले की पाटी घेऊन बसायचं. आईची स्वतःची सही चौथीतली होती. क वेगळा, म वेगळा, ल वेगळा, प्रत्येकाच्या डोक्यावर त्याची त्याची लहान रेघ. नाना तीन अक्षरं एका झोकात लिहायचे आणि शेवटी वर एक लांब रेघ ओढायचे, नावाच्याही पुढं जाणारी. ती रेघ आईला जमेना. दगडाला टाकी लावणारा हात, पण रेघ कापायची. मी तिचा हात हातात धरून गिरवायला लावायची. "असं न्हाई, एकदम ओढ," मी ओरडायची, मास्तरीण झाल्यासारखी. मला तेव्हा वाटत होतं मी घर वाचवायलेय. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला शाळेत मास्तरनं शाबासकी दिल्ती, माझ्या नावाला." मी म्हटलं, "ती सही आता विसर." असं म्हटलं मी तिला. नंतर शाळेत एवढी वर्षं काढली, पण कुठल्या पोरीला दुसऱ्याचं अक्षर गिरवायला लावलं नाही. त्यानं काय फिटतं? काहीच नाही.

त्याच आठवड्यात कधीतरी मी केर टाकायला कंपाऊंडच्या कोपऱ्यातल्या पिंपाकडं गेले. पिंपात कॅलेंडरची फाडलेली पानं होती, वह्यांची पानं, औषधाच्या पुड्यांचे कागद. सगळ्यांच्या कोऱ्या बाजूवर नावंच नावं. सौ. सुशीला, सौ. सुशीला, सौ. सुशीला. दुसऱ्या कागदावर सौ. विमल, खाली खाली जाताना सुधारत गेलेली. आठही घरांत दारं लावून बायका आपापल्या नवऱ्याचं अक्षर गिरवत होत्या. मी ती पानं हातात घेऊन उभी होते आणि मला काकूंची, त्या मैत्रिणीच्या आईची, कुणाचीच दया आली नाही. आज येते असंही नाही. त्यांनी एकीनं जरी जिन्यात येऊन आईचा हात धरला असता आणि म्हटलं असतं की चल, आपण सगळ्या मिळून सांगू, तर आठ नवऱ्यांपैकी एकाचीही नोकरी गेली नसती, कारण आठांच्या आठांची कुणी घालवत नाही. पण आईचं काय होतंय ते बघायला सगळ्या खिडकीत, आणि सांगायला कुणी नाही.

अधिकारी आले ते पोरसवदा होते, घामाघूम. खाली कंपाऊंडमध्ये टेबल मांडलं. आठ बायका ठेवणीतल्या साड्या नेसून सतरंजीवर बसल्या, नवरे मागं भिंतीला टेकून उभे. सोसायटीच्या सभासद सोसायटीच्या कामाला पहिल्यांदाच एकत्र जमल्या होत्या. काकूंचं नाव पुकारलं तेव्हा अर्धं नाव लिहून त्या थांबल्या आणि मागं नवऱ्याकडं बघायला लागल्या. सर आभाळाकडं बघत होते. साहेबांनी ते बघितलं आणि पुढचं नाव पुकारलं.

आई उठली. साहेबांनी रजिस्टर पुढं केलं. "बाई, ही सही तुमची?"

"व्हय."

"आणि अर्जावरची?"

"ती बी माझीच. माझा जरा गैरसमज झाल्ता."

"इथं तीन वेळा करा."

तिनं तीन वेळा केली. एका झोकात, वर लांब रेघ, जराही न कापता. साहेबांनी रजिस्टर, अर्ज आणि कोरा कागद शेजारी शेजारी ठेवले. मग खरंच कौतुकानं म्हणाले, "अक्षर फार सुरेख आहे तुमचं."

"शिकवलेलं हाय," आई म्हणाली.

महिना भरायच्या आत मामाचा टेम्पो आला आणि गिरणी पालमला गेली. ती नेताना मदतीला चार जण जिना उतरून आले, जिंतूरकर सरांनी स्वतः दगडाला हात लावला. गॅलरीत फरशीवर चार भोकं राहिली. शेवंताबाई डबा घेऊन आली, रिकामी जागा बघून परत गेली. तिथून पुढं आम्ही सगळेच रस्ता ओलांडून लांबच्या गिरणीवर जायला लागलो, आणि तिथं काकूंना रांगेत शेवटी उभं राहावं लागायचं ते बघून मला गुदगुल्या व्हायच्या. नानांची नोकरी राहिली. पुढं बढती मिळाली, हारतुरे घेऊन रिटायर झाले. रजिस्टर त्यांनी सोडलं. आई घरात पहिल्यासारखीच बोलायची, काय हवं नको विचारायची, येसराची आमटी करायची. मला वाटायला लागलं की निभावलं.

असेच काही महिने गेले. आईचं पोस्टात एक खातं होतं, लग्न होऊन आली तेव्हा तिनं स्वतः जाऊन उघडलेलं. त्यातून काही काढायचं होतं म्हणून आम्ही तिघं गेलो. तिनं फॉर्मवर सही करून खिडकीत दिला. कारकुनानं जुनं कार्ड काढलं, बघितलं, परत केलं. "सही जुळंना, बाई."

आईनं दुसऱ्या फॉर्मवर केली. तीच लांब रेघेची. कारकुनानं कार्ड फिरवून तिला दाखवलं. कार्डावर क, म, ल सुटे सुटे उभे होते, प्रत्येकाच्या डोक्यावर आपली आपली रेघ. आईनं ते नीट बघितलं. तिसरा फॉर्म घेतला, पेन धरलं, क काढायला गेली आणि हात आपोआप झोकात पुढं सरकला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. रांग मागं वाढत होती, त्यात आमच्या गल्लीतली माणसं होती. नाना हळूच म्हणाले, "सावकाश कर." तिनं पेन खाली ठेवलं.

"लिहिता येत नसंल तर अंगठा द्या," कारकून म्हणाला. वाईट हेतूनं नाही, त्याला घाई होती. त्यानं निळ्या शाईची पेटी पुढं सरकवली. ठरावाचा कागद बोट ठेवून स्वतः वाचणाऱ्या माझ्या आईनं अंगठा पेटीत दाबला आणि कागदावर उठवला. "साक्षीदार कोण?"

"मी आहे. नवरा," नाना म्हणाले, आणि तिच्या अंगठ्याखाली त्यांनी त्या देखण्या अक्षरात सही केली.

कारकुनानं पुसायला चिंधी दिली. आईनं ती घेतली नाही. ती नानांकडं वळली आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, बरोब्बर छातीवर, तो निळा अंगठा सावकाश दोनदा पुसला. नानांनी हातही उचलला नाही. "चला," आई म्हणाली, "भाकरी टाकायच्यात." आणि नाना तसेच, त्या सदऱ्यानं, भर बाजारातून आणि आख्ख्या गल्लीतून तिच्या मागं चालत घरी आले.